मदत हवी आहे: पावसाळी घाट आणि ऑटोक्रॉससाठी टायर

मंडळी, गाडी पोलो १.२ टीएसआय, कंपनीचा टायर १८५/६० आर१५ (रुंदी १८५ मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ६० टक्के, रिम १५ इंच). रोजचा वापर पुण्यात, पावसाळ्यात ताम्हिणी, आणि वर्षातून तीन-चार डांबरी ऑटोक्रॉस (शंकूंनी आखलेल्या वळणावळणाच्या मार्गावर एकेका गाडीची वेळ लावून होणारी स्पर्धा).

१९५/५५ आर१५ घ्यायचा विचार आहे. व्यास ६०३ वरून साधारण ५९५ मिमी होतो, म्हणजे सव्वा टक्का कमी. स्पीडोमीटर किंचित जास्त दाखवेल, ते चालेल. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो याचा आकडा) मात्र मूळ टायरपेक्षा कमी नको.

खरी अडचण रबराची. ट्रेडवेअर (झीज सोसण्याचा आकडा; कमी म्हणजे सहसा मऊ रबर) २००चा मऊ टायर कोरड्यात घट्ट धरतो, पण त्याच्या खाचा उथळ. साचलेल्या पाण्यावर ८०च्या वेगाला गाडी तरंगू लागली तर? उलट खोल खाचांचा टूरिंग टायर तीव्र वळणावर कडेने दुमडतो आणि बाहेरचा खांदा (जमिनीला टेकणाऱ्या भागाची कडा) झिजतो. (साइडवॉलवर खडूची रेघ मारा, फेरीनंतर ती कुठवर पुसली ते पाहून हवा ठरवता येते.)

तेव्हा ट्रेडवेअर ३००च्या आसपासचा एकच सेट घ्यावा, की १५×६ रिमवर मऊ टायरचा वेगळा सेट? पुढच्या चाकांत थंड असताना ३६ पीएसआय ठेवून कोणी ऑटोक्रॉस केलंय का? गरम झाल्यावर किती वाढली, तेही सांगा.