लघुप्रबंध : नियंत्रित गट नसेल तर?

प्रश्न : एम.एड.च्या लघुप्रबंधासाठी मी सातवीच्या एकाच वर्गाला एका अध्यापनपद्धतीने शिकवून त्याआधी व त्यानंतर वाचन-आकलनाची चाचणी (पूर्वचाचणी व उत्तरचाचणी) घेतली. नियंत्रित गट (ती पद्धत न वापरता शिकवलेला, तुलनेसाठीचा गट) नसल्याने मार्गदर्शकांनी आता हरकत घेतली आहे. काय करावे?

उत्तर १ : हरकत रास्त आहे. गुण वाढले तरी त्याचे श्रेय केवळ अध्यापनपद्धतीला देता येत नाही, कारण वाढते वय, इतर तासिका आणि त्याच चाचणीचा सराव यांचाही त्यात वाटा असू शकतो.

उत्तर २ : मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी १९४६ मध्ये मांडलेल्या कृतिसंशोधनाच्या (स्वतःच्या कामाचे निरीक्षण करून त्यात सुधारणा करत जाणाऱ्या संशोधनाच्या) चौकटीत हे काम बसू शकेल. मात्र नुसते नाव बदलून (तसे पुष्कळ जण करतात) भागणार नाही. निरीक्षणांवरून अध्यापनात कोणता बदल केला, हे दाखवावे लागेल.

प्रश्नकर्ती : पाठनिहाय नोंदी आहेत. त्या घेऊन मार्गदर्शकांना भेटते.