झाडाचे पैसे भरले की विमानाचा धूर फिटतो?

शंखध्वनी: काल इथेच एका ताईंनी लिहिलं: पुण्याहून नागपूरला विमानानं आले, तिकिटासोबत कार्बन ऑफसेटचे, म्हणजे धुराच्या भरपाईला झाडं लावायचे, पैसे भरले, आता मनाला टोचणी नाही. टोचणी नाही, हेच तर दुखणं! धूर दीड तासात सोडला. तो शोषायला झाडाला वर्षानुवर्षं लागतात, तेही जगलं तर. आमच्या लेआउटमध्ये पावसाळ्यात पन्नास खड्डे, पन्नास फोटो. मे महिन्यात ४५ अंशांत पाणी कोण घालणार? उरले ते जाळीचे पिंजरे, आत खर्र्याच्या पन्न्या. त्यापेक्षा गंगेत डुबकी बरी, निदान अंग तरी भिजतं.

माहेरवाशीण: मीच ती. आई ८१ वर्षांची, प्रतापनगरात एकटी. माझी कंबर गेलेली. शनिवार-रविवारच्या दोन्ही रात्री रेल्वेत काढू की तिच्याजवळ बसू? आणि जगाच्या कार्बन डायऑक्साइडमध्ये विमानांचा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास आहे.

कोराडी रोड: भांडा बे अडीच टक्क्यांवर! इकडे गच्चीवर कुरडया वाळत घातल्या की वर कोळशाच्या वीज केंद्राच्या चिमणीची राख बसते, ते कोणाला दिसत नाही.

शंखध्वनी: रेल्वेनं या, एवढंच म्हणतो.

हॉस्टेलवाला: काका, दिवाळीचं तिकीट काढून दाखवा! बुकिंग उघडलं की दोन मिनिटांत वेटिंग. मंग खाजगी बसवाला तिप्पट मागते. मागच्या खेपेला एसी रात्रभर बंद, वर म्हणे खिडकी उघडा. खिडकी उघडतच नव्हती.

सौ. धंतोली: आमचा मुलगा संडासाच्या दाराशी बसून आला, पुण्यापासून वर्ध्यापर्यंत!

कोराडी रोड: अन् रेल्वे तरी कशावर चालते? आमच्या चिमणीच्याच विजेवर.

शंखध्वनी: तरी माणशी धूर विमानापेक्षा कितीतरी कमी. विमानामागच्या पांढऱ्या रेषाही उष्णता अडवतात, त्याची पावती कोण फाडतं? विषय भरपाईचा होता, तुम्ही बसस्टँडवर नेला.

निवृत्त इंजिनीअर: भरपाईची जागतिक योजना आहे, कॉर्सिया. भारताला २०२७पासून बंधनकारक, पण फक्त आंतरराष्ट्रीय उड्डाणांना. पुणे-नागपूर त्यात नाहीच. ताईंनी आपखुशीनं भरले, एवढं तरी माना.

शंखध्वनी: मानलं. आई मानली, कंबरही मानली. पण मन हलकं झालं ते आईला भेटून. श्रेय पावतीला देऊ नका.

माहेरवाशीण: उपकार झाले! पैसे कुठल्या झाडाला गेले, असं मी मेलवर विचारलं होतं. उत्तरात पुढच्या तिकिटावर सवलतीचं कूपन आलंय.