मदत हवी आहे: फ्रेंच परदेशी पलटणीची पांढरी केपी (पुढे झापड असलेली, चपट्या माथ्याची लष्करी टोपी) कशी शिवायची?

आमच्या एकांकिकेत 1950 सालचं अल्जीरिया आहे. तिथल्या सिदी बेल अब्बेसला तेव्हा फ्रेंच परदेशी पलटणीचं मुख्यालय होतं. 1831 साली उभी राहिलेली ही पलटण, जगभरचे स्वेच्छेने आलेले शिपाई. त्यांची ओळख म्हणजे पांढरी केपी. मुळात तो टोपीवर चढवायचा खाकी अभ्रा. आफ्रिकेच्या उन्हात नि धुण्यात विटून पांढरा झाला, आणि 1939 च्या 14 जुलैच्या पॅरिस संचलनात अधिकृतपणे मिरवला. (दिग्दर्शक सगळ्यांनाच पांढरी घालायला निघाला होता, सार्जंटची गडद निळी, वर लाल टोपण, हे पटवायला एक तालीम गेली.)

तर चार पांढऱ्या, एक सार्जंटची. ड्रेपरीवाल्याकडे फक्त हवालदारी टोप्या. पुठ्ठ्यावर पांढरं पॉपलिन चिकटवून पाहिलं: घामाने पुठ्ठा दोन प्रवेशांतच मऊ पडला, वरचा चपटा भाग खचला, दिव्याखाली खळीचे पिवळे डाग दिसायला लागले. मग बक्रम (ताठपणासाठी आत घालायचं कडक कापड) दुहेरी लावलं. उभा घेर छान राहतो, पण पुढची काळी झापड शिवली की तिच्या वजनाने टोपी कपाळावर घसरते. झापडीसाठी रेक्झीन आणि प्लास्टिकची फाइल, दोन्ही वापरून झालं.

प्रयोग नऊ दिवसांवर, खर्च एकूण 1200 रुपये, मशीन घरगुती. त्यामुळे ऑनलाइन तयार टोपी सुचवू नका. मानेवरचा पडदा नकोय.

झापड बक्रमच्या कोणत्या थरात अडकवायची, आणि आतून घामपट्टी कशाची लावली तर टोपी जागेवर बसेल?