बीमरच्या स्लाईड: २५ फ्रेमची ९० पानं होतायत

प्रश्न: लेक्चरच्या स्लाईड लाटेकमध्ये (कमांड लिहून मजकूर मांडायचं सॉफ्टवेअर) बीमर (त्यातला स्लाईड बनवायचा क्लास) वापरून केल्यात, एकेक मुद्दा हळूहळू दिसावा म्हणून जागोजागी पॉज कमांड टाकलीय, पण मुलांना द्यायला पीडीएफ काढली तर २५ फ्रेमची (म्हणजे स्लाईडची) ९० पानं! शिवाय जिथे प्रोग्रामचा कोड आहे तिथे एरर येतोय. काय करू?

उत्तर १: प्रत्येक पॉजला पीडीएफमध्ये नवीन पान बनतं. फाइलच्या सुरुवातीच्या डॉक्युमेंटक्लास ओळीच्या ऑप्शनमध्ये हँडआउट लिहा, एका फ्रेमचं एकच पान येईल. कोडच्या फ्रेमला फ्रॅजाइल ऑप्शन द्या, व्हर्बॅटिम (कोड जसाच्या तसा छापणारी कमांड) त्याशिवाय चालत नाही.

उत्तर २: प्रोजेक्टर वाइड असेल तर आस्पेक्टरेशो (पानाच्या रुंदी-उंचीचं प्रमाण) १६९, म्हणजे १६:९ करा, बीमर मुळात ४:३ धरतं, पान जेमतेम १२८ बाय ९६ मिलिमीटरचं असतं म्हणून ११ पॉइंटचं अक्षरही पडद्यावर चांगलं मोठं दिसतं. आणि मजकूर मावत नाही म्हणून श्रिंक (मजकूर आक्रसून फ्रेममध्ये बसवणारा ऑप्शन) अजिबात वापरू नका, दर फ्रेमला अक्षर लहानमोठं होतं, मागे बसणाऱ्यांना खरंच वाचता येत नाही हो, सरळ दोन फ्रेम करा.

प्रश्नकर्ती: हँडआउटने २५ पानं आली, खूप आभार! फ्रॅजाइल देऊनही एरर येतोच आहे पण.

उत्तर १: फ्रेम संपवणारी एंड फ्रेम कमांड स्वतंत्र ओळीवर एकटी ठेवलीय का बघा, त्या ओळीत दुसरं काही चालत नाही.