मदत हवी आहे: फाइलमधलं इंडेंटेशन स्क्रिप्टने कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी,

आमच्याकडचा कोड जुना आहे, बऱ्याच हातांखालून गेलेला. ओळीच्या सुरुवातीला सोडलेली जागा, म्हणजे इंडेंटेशन, कुठे टॅबचं, कुठे दोन स्पेसचं, कुठे चारचं. मी पायथॉनमध्ये एक स्क्रिप्ट लिहितोय. तिने फाइलची पद्धत ओळखायची आणि नव्या ओळी त्याच पद्धतीने घालायच्या. सगळा कोड एकदाच फॉरमॅटरमधून (मांडणी आपोआप एकसारखी करणाऱ्या प्रोग्रॅममधून) काढा, असं कृपया सुचवू नका. कुठली ओळ शेवटी कुणी बदलली हे दाखवणाऱ्या गिट ब्लेमला डॅश डब्ल्यू देऊन नुसते स्पेसचे बदल वगळता येतात हे ठाऊक आहे, पण उघड्या ब्रँचेस (अजून मुख्य कोडात न मिसळलेलं काम) मर्ज करताना जीव जातो.

आधी प्रत्येक ओळीच्या सुरुवातीच्या स्पेस मोजून मसावि काढला. 4, 8, 12 चा मसावि 4, म्हणजे काम झालं असं वाटलं. पहिल्याच जावास्क्रिप्ट फाइलवर उत्तर आलं 1! फंक्शनच्या डोक्यावरची कॉमेंट 4 स्पेसवर सुरू होते, पण तिच्या पुढच्या ओळींतला तारा 5 स्पेसवर असतो. एवढ्याने सगळा हिशेब कोलमडला.

मग लागोपाठच्या दोन ओळींतला फरक मोजून सर्वांत जास्त वेळा येणारा आकडा घेतला, 1 सोडून. बरंच सुधारलं. पण सी मधल्या एका छोट्या फाइलने 7 सांगितलं. तासभर डोकं खाजवल्यावर कळलं: प्रिंटएफ या मजकूर छापणाऱ्या फंक्शनच्या नावाची सहा इंग्रजी अक्षरं आणि कंस मिळून सात. पुढच्या ओळीतले आर्ग्युमेंट (फंक्शनला दिलेली मूल्यं) कंसाच्या आतल्या सुरुवातीखाली लावलेले, आणि असे प्रिंटएफ फाइलभर.

दुसरी अडचण ग्नू प्रकल्पाच्या कोड-मांडणीने लिहिलेल्या फाइल्सची. इंडेंटची पायरी दोन स्पेसची, पण आठ स्पेस झाल्या की त्यांच्या जागी एक टॅब. स्क्रिप्ट त्यांना सरसकट 'मिश्र' म्हणते. काय करू?

उत्तर 1
सगळे फरक मोजूच नका. आधीची ओळ महिरपी कंस उघडून किंवा पायथॉनमध्ये कोलनने संपली असेल, तरच पुढच्या ओळीचा वाढलेला फरक धरा. प्रिंटएफची ओळ स्वल्पविरामाने संपते, ती आपोआप गळेल. रिकाम्या ओळीही वगळा. आणि फोल्डरमध्ये एडिटरकॉन्फिग फाइल (इंडेंटेशनचे नियम लिहून ठेवलेली) असेल तर आधी ती वाचा, तिथे अंदाज कशाला करायचा?

उत्तर 2
ग्नूसाठी मोजण्याआधी टॅब उलगडा, म्हणजे त्यांच्या जागी स्पेस घाला. पायथॉनचं एक्सपांडटॅब्ज हे फंक्शन तेच करतं आणि न सांगता टॅबची रुंदी 8 च धरतं, तुम्हाला तेच हवंय. मग पायरी 2 निघेल. टॅबची रुंदी आणि पायरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विम या एडिटरमध्येही टॅबस्टॉप (टॅबची रुंदी) आणि शिफ्टविड्थ (पायरी) वेगळे असतात. स्क्रिप्टमध्येही दोन व्हेरिएबल ठेवा. मात्र मेकफाइलला (प्रोग्रॅम कसा बांधायचा ते सांगणाऱ्या फाइलला) हात लावू नका, तिथे रेसिपीच्या, म्हणजे चालवायच्या आज्ञेच्या ओळीला टॅबच लागतो.

मूळ प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार! प्रिंटएफवाली फाइल आता 4 सांगते, ग्नूवाल्या 2. महिरपी कंस स्वतंत्र ओळीवर असतो तिथे त्या कंसाच्या ओळीपासून फरक धरला, तेही जमलं. आता एकच अडलंय: पायथॉनमध्ये तिहेरी अवतरणात लिहिलेली लांब मजकुराची पानं. त्यांतही कोलनने संपणाऱ्या ओळी आहेत, आणि त्या मोजल्या जातात. कोडचे छोटे तुकडे (टोकन) पाडणाऱ्या पायथॉनच्या टोकनाइझ मॉड्यूलमधून फक्त इंडेंटचे टोकन घ्यावेत असा विचार आहे. कुणी हे केलंय का? अर्धवट, सिंटॅक्स चुकलेल्या फाइलवर ते कसं वागतं?