मदत हवी आहे: बिझनेस विभागात अकाउंटिंगचं मायनर सुरू करायचंय, आराखडा बसत नाहीये

पाटीपेन्सिल:
नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, आधीच माफी मागते.

मी एका विद्यापीठाच्या बिझनेस विभागात शिकवते. आमच्याकडे फायनान्स, मार्केटिंग आणि मनुष्यबळ असे तीन मेजर (पदवीचे मुख्य विषय) आहेत. अकाउंटिंगचा मेजर नाही आणि काढायचाही नाही, तेवढी माणसं नाहीत. पण मायनर, म्हणजे मेजरच्या जोडीने करायचा छोटा अभ्यासक्रम, असावं असं बरीच वर्षं घाटत होतं. आता विभागप्रमुखांनी ते माझ्या गळ्यात घातलंय. तीन आठवड्यांनी प्रस्ताव अभ्यास मंडळापुढे ठेवायचाय.

आराखडा असा: १८ क्रेडिट, म्हणजे ३ क्रेडिटचे सहा विषय. वित्तीय लेखांकन आणि व्यवस्थापकीय लेखांकन हे दोन बिझनेसच्या सगळ्याच मुलांना सक्तीचे आहेत. त्यावर इंटरमिजिएट १, इंटरमिजिएट २ (वित्तीय लेखांकनाच्या पुढच्या दोन पायऱ्या), कॉस्ट (उत्पादनखर्चाचा हिशेब), आणि टॅक्स किंवा ऑडिट यांपैकी एक. इंटरमिजिएट १ आणि टॅक्स आजही फायनान्सचे ऐच्छिक विषय म्हणून चालतात. बाकीचे नव्याने लिहायचे. अकाउंटिंग शिकवणारे आम्ही दोघंच.

मायनर इतर विभागांनाही खुलं ठेवायचंय. कागदावर सगळं छान दिसतंय. पण माझ्याकडे आलेल्या नाट्यविभागातल्या एका मुलीचं वेळापत्रक सहज बसवून बघितलं, तर ते बसेचना. तिला पुढे स्वतःची नाटक कंपनी चालवायची आहे. अशांसाठीच तर हे करायचं! मी कुठे चुकतेय? इंटरमिजिएट २ ठेवावं का? आणि एकच विषय मेजरमध्येही आणि मायनरमध्येही मोजायचा, त्याला मर्यादा किती असावी?

खतावणी:
प्रत्येक विषयाच्या पूर्वअटी लिहा आणि कोणता विषय कोणत्या सत्रात चालतो तेही. त्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही. घोळ तिथेच असतो.

पाटीपेन्सिल:
व्यवस्थापकीयला वित्तीय लेखांकन आणि बिझनेस स्टॅटिस्टिक्स. इंटरमिजिएट १ ला व्यवस्थापकीय आणि फायनान्सची मूलतत्त्वे. इंटरमिजिएट २ ला १. ऑडिटला इंटरमिजिएट २. टॅक्सला इंटरमिजिएट १. कॉस्टला व्यवस्थापकीय. पहिले दोन विषय प्रत्येक सत्रात चालतात. इंटरमिजिएट १ आणि ऑडिट फक्त विषम सत्रांत, इंटरमिजिएट २, टॅक्स आणि कॉस्ट फक्त सम सत्रांत.

खतावणी:
मग सापडलं की. तुमचं मायनर सहा विषयांचं नाहीच, बाहेरच्या मुलांसाठी ते आठ विषयांचं आहे. स्टॅटिस्टिक्स आणि फायनान्सची मूलतत्त्वे हे दोन पूर्वअटींच्या मागे लपलेत. १८ क्रेडिट म्हणून बोलावता आणि २४ वसूल करता. बिझनेसची मुलं ते दोन्ही करतातच, म्हणून विभागात कोणाला ते खटकत नाही.

आता त्या मुलीचं बघू. आठ सत्रांची पदवी. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी, म्हणजे चौथ्या सत्रात तिने वित्तीय लेखांकन घेतलं आणि मग मायनर करायचं ठरवलं. बहुतेकांचं असंच होतं, पहिला विषय आवडला की पुढचं ठरतं. पाचव्यात व्यवस्थापकीय. सहाव्यात इंटरमिजिएट १ चालतच नाही. तेव्हा ते सातव्यात, आणि इंटरमिजिएट २ व टॅक्स एकदम आठव्यात. ऑडिट तर विसराच. सातव्यात एकदा नापास झाली की मायनर गेलं.

आणि एक सांगा, इंटरमिजिएट १ ला व्यवस्थापकीयची अट कशाला? त्यात येणी, मालसाठा, घसारा, उत्पन्न कधी धरायचं, हे शिकवता ना? त्यातल्या कशाला व्यवस्थापकीयमधलं ब्रेक-इव्हन (ना नफा ना तोटा होण्याची विक्री) किंवा बजेट लागतं?

पाटीपेन्सिल:
खरंच कशालाच लागत नाही. मीच तो विषय गेली कित्येक वर्षं शिकवतेय आणि हा प्रश्न मला कधी पडला नाही. 🙈 ही अट कोणी घातली ते जुन्या इतिवृत्तांत शोधते.

वाचनमात्र:
मी शिक्षक नाही, कर्ज मंजुरीच्या कामात आहे. रोज लोकांचे ताळेबंद वाचतो. इंटरमिजिएट २ काढा, असं माझं मत.

त्यात काय असतं? स्थगित कर, पेन्शनची दायित्वं, भाडेकरारांचं लेखांकन, प्रतिशेअर उत्पन्न. ज्याला लेखापाल व्हायचंय त्याला हे हवंच. पण मायनर करणारा माणूस आयुष्यभर हिशेब लिहिणार नाही, दुसऱ्यांनी लिहिलेले वाचणार आहे. आमच्याकडे नवीन येणाऱ्या मुलांना जर्नल एंट्री पाठ असतात. पण नफ्यात असलेली कंपनी पगार का देऊ शकत नाही, हे विचारलं की गप्प. ७० चा माल रोखीने घेतला, १०० ला उधार विकला. नफा ३०, आणि गल्ल्यात ७० कमी. एवढंच तर आहे, पण ताळेबंद, नफा-तोटा आणि रोकड प्रवाह ही तीन पत्रकं शेजारी ठेवून हे बघायला त्यांना कोणी शिकवलेलंच नसतं. नफा-तोटा पत्रक एका सत्रात, रोकड प्रवाह पत्रक दुसऱ्या सत्रात शेवटच्या आठवड्यात, तेही वेळ उरला तर.

आर्थिक पत्रकांचं विश्लेषण असा एक विषय ठेवा. खऱ्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल घ्या, पत्रकांना जोडलेल्या खुलाशाच्या टिपांसकट. टिपा वाचायला लावा, खरी गोम तिथेच असते. तुमच्या नाटकवाल्या मुलीलाही हेच लागेल: आगाऊ विकलेल्या तिकिटांचे पैसे हातात असले तरी प्रयोग होईपर्यंत ते उत्पन्न नाही, देणं आहे.

आकडेमोड:
थोडा असहमत. इंटरमिजिएट २ काढा, हरकत नाही. पण त्याच्या जोडीने १ सुद्धा पातळ होतं, हे बघितलंय. "वाचायला शिकवतो" म्हणता म्हणता गुणोत्तरं काढण्यापुरताच विषय उरतो. ज्याने स्वतः कधी तेरीज (सगळ्या खात्यांच्या नावे-जमा शिलकांची यादी) जुळवली नाही, त्याला ताळेबंदात काय लपवता येतं ते कळत नाही. इंटरमिजिएट १ सक्तीचं आणि कडक ठेवा.

वाचनमात्र:
हे मान्य. १ ला हात लावू नका.

गणितवेडी:
अवांतर: द्विनोंदी पद्धतीचं (प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत, नावे आणि जमा, लिहिण्याचं) पहिलं छापील विवेचन लुका पाचोलीने १४९४ मध्ये व्हेनिसला छापलं, ते गणिताच्या जाडजूड ग्रंथातलं एक प्रकरण म्हणून. म्हणजे छापील पुस्तकात अकाउंटिंग आलं तेच दुसऱ्या विषयाचं मायनर होऊन. :)

मुद्द्याचं: मी गणित विभागात आहे. आमची मुलं संभाव्यता आणि संख्याशास्त्राचे दोन अवघड विषय करतात, तरी बिझनेसवाले त्यांना बिझनेस स्टॅटिस्टिक्स पुन्हा करायला लावतात. अटीत "किंवा कोणत्याही विभागाचा समकक्ष विषय" एवढे शब्द घाला. आणि फायनान्सच्या मूलतत्त्वांमधलं इंटरमिजिएटला नेमकं काय लागतं? वर्तमान मूल्य काढणं, म्हणजे पुढे मिळणाऱ्या पैशांची आजची किंमत. दोन आठवड्यांत वर्गातच शिकवता येईल.

जुनं खोड:
आराखड्याचं बोलून झालं असेल तर माणसांचं बोलू. मी दोन विद्यापीठांत अशी मायनर सुरू होताना पाहिली, एक बंद होतानाही. बंद पडलेल्याच्या प्रस्तावात ठळक अक्षरांत होतं: "कोणताही अतिरिक्त खर्च नाही." विषय आधीचेच आहेत, त्यात चार मुलं जास्त बसतील, असा हिशेब. पहिल्या वर्षी तसंच झालं. दुसऱ्या वर्षी इंटरमिजिएटचा वर्ग भरला आणि ज्यांच्या मेजरला तो लागत होता तीच मुलं बाहेर राहिली. तिसऱ्या वर्षी दोन शिक्षकांपैकी एक जण वर्षभराच्या रजेवर गेला. कॉस्टचा विषय झालाच नाही, आणि तो सक्तीचा होता. शेवटच्या वर्षाच्या मुलांना मग कोणत्या तरी भलत्याच विषयाला "समकक्ष" ठरवून सोडवलं. पत्रांवर पत्रं.

तेव्हा तुम्ही दोघं असताना दोघांपैकी एकालाच शिकवता येईल असा विषय सक्तीच्या यादीत ठेवू नका. विश्लेषणाचा विषय फायनान्सवाला सहकारीही घेऊ शकतो, हा त्याचा मोठा फायदा. कॉस्ट ऐच्छिकात टाका. नवे विषय एकदम तीन लिहू नका. एक लिहा, दुसरा पुढच्या वर्षी.

मागणी दाखवायला प्रश्नावली वाटणार असाल तर नका. फुकट मिळतंय म्हटल्यावर सगळे हो म्हणतात. गेल्या तीन वर्षांच्या गुणपत्रिकांतून बघा, फायनान्सच्या किती मुलांनी स्वतःहून इंटरमिजिएट १ आणि टॅक्स दोन्ही घेतले. ती तुमची खरी गिऱ्हाइकं.

आकडेमोड:
विश्लेषणाचा विषय आत्ताच लिहिताय तर एक लक्षात घ्या. आयएफआरएस १८ हे आर्थिक पत्रकांच्या मांडणीचं आंतरराष्ट्रीय मानक एप्रिल २०२४ मध्ये आलंय आणि १ जानेवारी २०२७ पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांना ते लागू आहे. आयएएस १ या जुन्या मानकाची जागा ते घेतं. नफा-तोटा पत्रकात कामकाज, गुंतवणूक आणि वित्तपुरवठा असे वर्ग येतात आणि कामकाजातला नफा ही बेरीज दाखवणं बंधनकारक होतं. आधी ती सक्तीची नव्हती, प्रत्येक कंपनी आपापल्या सोयीने काढायची. रोकड प्रवाह पत्रकही अप्रत्यक्ष पद्धतीत (नफ्याच्या आकड्यात फेरफार करून रोकड काढायची पद्धत) आता त्याच आकड्यापासून सुरू करायचं. तुमच्याकडे स्थानिक मानकं असतील तर ती कुठवर जुळतात ते बघा. नाहीतर पहिली तुकडी बाहेर पडेपर्यंत पुस्तक जुनं झालेलं असेल.

तेरीज जुळेना:
मी असं मायनर केलंय, मेजर समाजशास्त्र. विद्यार्थ्याच्या बाजूने एकच सांगते. मला वाटलं होतं, मायनर झालं म्हणजे व्यावसायिक लेखापालाच्या परीक्षेला काहीतरी सूट मिळेल. कोणी तसं म्हणालं नव्हतं, पण नाही असंही कोणी म्हणालं नव्हतं. चौकशी केली तेव्हा कळलं, तिथे "मायनर" या शब्दाला किंमत नाही, कोणता पेपर आणि त्यात काय शिकवलं ते बघतात. चार महिने मी उगाच भ्रमात होते. माहितीपत्रकात पहिल्याच परिच्छेदात हे लिहा. मार्केटिंगवाल्यांना आवडणार नाही, तरी लिहा.

बाकी मायनरचा उपयोग झाला का, तर रोज होतो. संस्थेचा निधी अहवाल माझ्याकडेच येतो.

पाटीपेन्सिल:
सगळ्यांचे मनापासून आभार. इतिवृत्तं चाळली. इंटरमिजिएट १ ला व्यवस्थापकीयची अट का घातली, याचं कारण कुठेही लिहिलेलं नाही. आमच्या निवृत्त सरांना फोन केला. ते म्हणाले, "तेव्हा वर्गात गर्दी फार होत होती."

नवा आराखडा: सक्तीचे चार, वित्तीय, व्यवस्थापकीय, इंटरमिजिएट १ आणि पत्रकांचं विश्लेषण. ऐच्छिक दोन, टॅक्स, कॉस्ट आणि ऑडिट यांमधून. ऑडिटला आता इंटरमिजिएट १ पुरे. इंटरमिजिएट १ ला फक्त वित्तीय लेखांकन, वर्तमान मूल्य मी वर्गात शिकवेन. स्टॅटिस्टिक्स कोणत्याही विभागाचं चालेल. नवीन विषय यंदा विश्लेषण, पुढच्या वर्षी कॉस्ट. ऑडिट तिसरी व्यक्ती मिळेल तेव्हा.

नाट्यविभागातल्या मुलीचं पुन्हा बसवलं. चौथ्यात वित्तीय. पाचव्यात व्यवस्थापकीय आणि इंटरमिजिएट १. सहाव्यात विश्लेषण आणि टॅक्स. आठव्यात कॉस्ट. सातवं सत्र मोकळं, म्हणजे इंटरमिजिएटला गचकली तर पुन्हा बसायला जागा आहे. फक्त संख्याशास्त्र तिला चौथ्यातच उरकावं लागेल. ते एक माहितीपत्रकात ठळक लिहिते.

राहिला दुहेरी मोजणीचा प्रश्न. निम्मी, म्हणजे ९ क्रेडिट मेजरमध्ये मोजलेली नसावीत, असा नियम ठेवू का?

खतावणी:
ठेवा, पण फायनान्सच्या मुलांवर लावून बघा. सक्तीचे दोन, म्हणजे ६ आधीच मेजरमध्ये. इंटरमिजिएट १ ऐच्छिक म्हणून धरलं की ९ झाली, काठावर पास. त्यांनी टॅक्सही मेजरमध्ये धरला तर १२, आणि मायनर अडकलं. तेव्हा स्पष्ट लिहा: दोन्हींपैकी एकच मेजरमध्ये धरता येईल. नाहीतर शेवटच्या सत्रात तुमच्या दाराशी रांग लागेल.

पाटीपेन्सिल:
लिहिलं. पूर्वअट काढल्याचं पत्रही आज नोंदणी विभागात दिलं. पुढच्या सत्राला प्रणालीत दिसेल म्हणाले.

जुनं खोड:
"दिसेल म्हणाले" वर जाऊ नका. नोंदणी उघडायच्या आदल्या दिवशी त्या नाटकवाल्या मुलीला शेजारी बसवा आणि तिच्याच लॉगिनने इंटरमिजिएट १ घेऊन बघा.