गल्लीतलं तेच ते. फोटोत नवं काय बघायचं?

प्रश्न: सोलापुरात अशोक चौकाजवळ राहतो. सिद्धेश्वर तलाव, भुईकोट किल्ला, इंद्रभुवन सगळं मोबाईलवर काढून झालं. आता काय टिपू?

उत्तर: जागा तीच ठेवा, वेळ बदला. मी पूर्व भागातच वाढले. दुपारी यंत्रमागाच्या कारखान्यात जाळीतून ऊन आत येतं तेव्हा हवेतले सुताचे तंतू चमकतात. अख्खा माग घेऊच नका, ती तिरीप घ्या. कामगारांच्या भुवयांवर कापूस बसलेला असतो. आधी विचारा, चहा घ्या, मग कॅमेरा काढा. मला त्या भुवया किल्ल्यापेक्षा मोठ्या वाटतात. त्या चेहऱ्यावर कामाची अख्खी पाळी दिसते.

दुसरं उत्तर: युजेन आत्जे या फ्रेंच छायाचित्रकारांनी पॅरिसमधली दुकानं आणि रिकामे रस्ते वर्षानुवर्षं टिपले. त्यांच्या काही फोटोंत काचेतल्या कपड्यांवर समोरच्या इमारती उमटल्यात. नवी पेठेत साडीच्या दुकानासमोर उभे राहून बघा.

प्रश्नकर्ता: काल गेलो! पुतळ्याच्या इरकली पदरावरून रिक्षा धावतेय असं दिसलं. पण रिक्षा धूसर आली.

पहिलं उत्तर देणारी: फोकस काचेवर धरला असेल. स्क्रीनवर रिक्षेच्या प्रतिबिंबावरच बोट टेकवा. प्रतिबिंबाचं अंतर काचेपेक्षा लांबचं धरावं लागतं. आणि तो फोटो इथे टाका, धूसर असला तरी.